लेखणीची मजुरी

वाण्याच्या वहींत गुळाचा भाव असतो, सोनाराच्या वहींत घडणावळ असते; पण लेखाचा भाव कोणीं विचारला, कीं आमच्या लोकांस एकदम सरस्वतीची निष्काम सेवा आठवते! म्हणून लेखणीवर पोट भरणाऱ्या डॉ. सॅम्युएल जॉन्सन या आंग्ल पंडिताचें चरित्र आज आम्ही व्यापारी वाचकांपुढें हिशेबाच्या अंगानें मांडीत आहों.

जॉन्सन इ. स. १७०९ त लिचफील्ड गांवीं एका पुस्तकविक्याच्या घरीं जन्मला. ऑक्सफर्डास गेला, पण पैशाअभावीं सुमारें वर्षभरांतच पदवीवांचून परतला. पुढें त्यानें काढलेली शाळाही विद्यार्थ्यांअभावीं बुडाली. १७३७ त तो लंडनास आला व एडवर्ड केव्ह याच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मासिकांत पडेल तें काम करूं लागला. पार्लमेंटांतील भाषणें छापण्यास तेव्हां मनाई असे. त्रोटक टांचणांवरून तीं भाषणें जॉन्सननें आपल्या खोलींत बसून रचलीं, आणि लोकांनीं तीं खरीं मानलीं. हें कळतांच त्यानें तें काम सोडलें, ही गोष्ट त्याच्या जमेस धरली पाहिजे.

१७४६ त लंडनच्या पुस्तकविक्यांनीं त्याजकडून इंग्रजी भाषेचा कोश करून घेण्याचा करार केला. रक्कम पंधराशें गिन्या, म्हणजे १५७५ पौंड. आंकडा मोठा दिसतो. पण सहा मदतनिसांचा पगार जॉन्सननेंच द्यावयाचा होता, आणि तीन वर्षांचें म्हणून घेतलेलें काम नऊ वर्षें चाललें. सालीना १७५ पौंड, त्यांतून सहा जणांची मजुरी! काम संपण्यापूर्वींच पैका संपला. मधल्या काळांत १७५० पासून दोन वर्षें 'रॅम्बलर' पत्राचे २०८ अंक आठवड्यास दोन याप्रमाणें त्यानें काढले, ते दर अंकास दोन गिन्या घेऊन.

कोशाची योजना त्यानें लॉर्ड चेस्टरफील्ड या सरदारास अर्पण केली होती. दहा पौंडांपलीकडे त्या सरदारानें कांहीं केलें नाहीं. मात्र ग्रंथ पुरा होत आल्यावर त्याची स्तुति छापली. तेव्हां १७५५ च्या फेब्रुवारींत जॉन्सननें पत्र लिहून हें उशिराचें आश्रयदातृत्व झिडकारलें. हें पत्र स्वाभिमानाचा नमुना म्हणून सर्वत्र वाखाणलें जातें. आम्हांस मात्र त्याच्या मागचा कोरडा व्यवहार अधिक महत्त्वाचा वाटतो: पुस्तकविक्यांशीं करार नसता, तर असें पत्र लिहिण्याची ऐपत त्यास कोठून येती?

तरीही १७५६ त, म्हणजे कोश छापून निघाल्याच्या दुसऱ्याच वर्षीं, पांच पौंड अठरा शिलिंगांच्या देण्यासाठीं या कोशकारास अटक झाली! कादंबरीकार रिचर्डसन यानें सहा गिन्या पाठवून त्यास सोडविलें. कोशाचा हक्क ठोक रकमेस विकलेला. तेव्हां खपाचा नफा विक्रेत्यांचा, आणि कर्ज ग्रंथकाराचें. करार लेखी असला म्हणजे तो पुरता असतो असें नव्हे, हें व्यापाऱ्यांस आम्हीं सांगावयास नको.

१७५९ त आई वारली. तिच्या उत्तरकार्याच्या खर्चासाठीं त्यानें एका आठवड्याच्या संध्याकाळींत 'रासेलस' लिहून काढला आणि त्याचे शंभर पौंड घेतले. याच पुस्तकाचें मराठी भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनीं आरंभिलें व त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनीं तडीस नेलें. जॉन्सनवर 'निबंधमाले'त विस्तारानें लिहिणारे हेच विष्णुशास्त्री १८७९ त सरकारी नोकरी सोडून बाहेर पडले.

१७६२ त राजाकडून जॉन्सनला सालीना तीनशें पौंडांचें पेन्शन मिळालें. स्वतःच्याच कोशांत त्यानें या शब्दाची निंदा केलेली, लोक हंसले. आम्ही हंसणार नाहीं. पंचवीस वर्षें राबलेल्या मनुष्यास विसावा हवा होता. पुढें १७७७ त पुस्तकविक्यांनीं इंग्रजी कवींच्या चरित्रांचें काम आणलें व किंमत त्यासच विचारली. त्यानें दोनशें गिन्या सांगितल्या. हजार मागितल्या असत्या तरी त्यांनीं दिल्या असत्या, असें जाणत्यांचें म्हणणें पडलें. बावन्न कवींचीं चरित्रें लिहून झाल्यावर विक्रेत्यांनीं आपण होऊन त्या रकमेंत कांहीं भर घातली.