खुराड्यातला पोर्ट्रेट मोड: ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन

पोर्ट्रेट काढून झालं की आपण काय करतो? क्रॉप उघडतो, चौकट आत ओढतो आणि वर एखादा सेपिया फिल्टर लावतो. मीही तेच करायचो. मग ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचे फोटो नीट बघितले आणि ही सवय मोडली.

या बाईंचा जन्म १८१५ चा, कलकत्त्यातला. लग्नही तिथेच झालं, १८३८ मध्ये. पुढे कुटुंब इंग्लंडला गेलं आणि आइल ऑफ वाइट बेटावर स्थायिक झालं. १८६३ च्या नाताळात लेक आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. कोळशाची खोली झाली डार्करूम आणि काचा लावलेलं कोंबड्यांचं खुराडं झालं स्टुडिओ. फ्लॅश नाही, दिवे नाहीत. काचेतून येणारा उजेडच अडवायचा, एकाच बाजूने आत घ्यायचा. चेहऱ्याची एक बाजू उजळायची, दुसरी अंधारात जायची.

आता क्रॉपचं. त्या काळी त्या जो फोटो छापत, तो काचेच्या निगेटिव्हवर कागद थेट ठेवून, उन्हात. म्हणजे काच जेवढी, फोटो तेवढाच. चेहरा मोठा हवा तर नंतर झूम करायची सोयच नाही, कॅमेरा जवळ न्यावा लागायचा. पुढे त्यांनी १५ बाय १२ इंचांच्या काचा वापरल्या आणि चेहऱ्याने जवळजवळ अख्खी चौकट भरली. एवढ्या जवळून फोकस अगदी पातळ मिळतो, आणि माणसाला काही मिनिटं हलायचं नाही! साहजिकच कडा मऊ यायच्या. फोटोग्राफीतल्या जाणकारांनी याला सरळ अडाणीपणा म्हटलं. कॉफीच्या मळ्यांचं उत्पन्न घसरत होतं, फोटो विकून चार पैसे मिळतील ही आशा होती. तरी बाईंनी फोकस कडक केला नाही.

१८६७ मध्ये त्यांनी शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचा फोटो त्यांच्या घरी जाऊन काढला. आधी त्यांना केस धुवायला लावले, म्हणजे ते पिंजारून उजेड धरतील. बाकी सगळं काळं. चौकटीत फक्त डोकं, पांढरे केस आणि डोळे. पुस्तक नाही, दुर्बीण नाही. त्याच वर्षी भाची ज्युलिया जॅक्सनचाही असाच फोटो काढला (ही पुढे व्हर्जिनिया वुल्फची आई). खरं सांगू? पंख लावलेली मुलं आणि राजाराणीचे देखावे असलेले त्यांचे फोटो मला फारसे भावत नाहीत. हे दोन मात्र डोक्यातून जात नाहीत.

रंगाची गंमत वेगळीच आहे. त्या वापरत ते कोलोडियन निळा प्रकाश चटकन पकडायचं, लाल जवळजवळ नाहीच. त्यामुळे ओठ आणि त्वचा गडद दिसायची, निळे डोळे फिके. फोनवर हे जमवायचं असेल तर ब्लॅक अँड व्हाइट करण्याआधी कलर मिक्सरमध्ये लाल आणि नारिंगीची ब्राइटनेस थोडी उतरवा, निळ्याची चढवा. सुरकुत्या आणि वांग ठळक होतील, तेव्हा आईवर प्रयोग करण्याआधी विचारून घ्या! आणि पिवळट सेपिया टाळा. हे प्रिंट सोन्याच्या क्षाराने टोन केले की चॉकलेटी, थोडे जांभळट दिसायचे. पिवळेपणा बहुतेक वेळा वयाने येतो.

क्रॉपचा हिशोबही बघा. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी आणि उंची निम्मी केली की उरतात ३. म्हणून मी आता आधीच जवळ जातो. पण साध्या १एक्स लेन्सने फार जवळ गेलात तर नाक फुगतं, त्यापेक्षा २एक्स लावा आणि दोन पावलं मागे राहा.

१८७५ मध्ये कॅमेरॉन दांपत्य सिलोनला, आपल्या मळ्यांजवळ राहायला गेलं. तिथे बाईंनी मळ्यावरच्या मजुरांचे फोटो काढले, पण थोडेच. १८७९ मध्ये त्या तिथेच वारल्या.