नारायण वामन टिळक : पाचारण आणि पगार

त्र्यंबकेश्वराहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी नाशिक, राहुरी, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) असे टप्पे घेत करमाळा तालुक्यात शिरते व पुढे पंढरपूरला जाते. करमाळ्याच्या भाविकांना ही वाट परिचयाची आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यातील महत्त्वाची वर्षेही याच वाटेवरील गावांत गेली, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी असते. नाशिकला ते शिकले, अहमदनगरला त्यांनी सेमिनरीत शिकवले, राहुरीला प्रभूची सेवा केली. आणि पंढरपुरात त्यांच्या पत्नीने विरहाचा काही काळ काढला.

टिळक कॅथलिक नव्हते. तरीही पाचारणाविषयी विचार करताना त्यांना टाळून पुढे जाता येत नाही. पाचारण म्हटले की आपल्यासमोर धर्मगुरू आणि धर्मभगिनी उभ्या राहतात. सोळाव्या शतकात विटेनबर्ग विद्यापीठातील ईशज्ञानाचे प्राध्यापक मार्टिन लूथर यांनी या शब्दाची व्याप्ती वाढवली. चांभार, शेतकरी, मूल सांभाळणारी माता हेही आपापल्या जागी देवाने बोलावलेलेच आहेत, असे त्यांनी प्रतिपादिले. पुढे लूथरन महाविद्यालये या विचारावर उभी राहिली. आंध्रात गुंटूर येथे १८८५ साली सुरू झालेले महाविद्यालय याच परंपरेतले. उद्या कारकून वा शिक्षक होणाऱ्या विद्यार्थ्यानेही ईशज्ञान का शिकावे, याचे उत्तर ती परंपरा पाचारणाच्या या अर्थातून देते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही पवित्रतेचे पाचारण सर्व श्रद्धावंतांना आहे, असे स्पष्ट केले.

टिळकांना पडलेला प्रश्न याच्या उलट बाजूचा होता. प्रत्येक धंदा पाचारण होऊ शकतो, हे मान्य. परंतु पाचारणाचाच धंदा झाला तर?

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन कुटुंबात झाला. काव्याची आवड त्यांना आई जानकीबाईंकडून लाभली. आई लवकर वारली. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १८८० साली त्यांचा विवाह झाला. वधू मनकर्णिका गोखले, म्हणजेच पुढच्या लक्ष्मीबाई, तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. त्यानंतरची वर्षे अस्थिर गेली. आज ही नोकरी, उद्या ती. मध्येच न सांगता निघून जाणे. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. देशाच्या उद्धारासाठी एखादा नवाच धर्म स्थापावा, असेही त्यांच्या मनात घोळत होते.

१८९३ साली आगगाडीने राजनांदगावास जाताना एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचताना त्यांना आपल्या शोधाचे उत्तर सापडले. दोन वर्षे अंतरात झगडा चालला. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही रेव्हरंड तुकारामजी नथोजी या भारतीय पाळकाच्या हातून. ही निवड साधी नव्हती. ख्रिस्ती होणे म्हणजे परदेशी होणे नव्हे, हा त्यांचा पुढचा सारा विचार तिच्यात बीजरूपाने आहे.

या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. पती बाटला, या एका वार्तेने त्या उद्ध्वस्त झाल्या. चार वर्षांहून अधिक काळ त्या लहानग्या दत्तूसह नातलगांच्या आधाराने राहिल्या. सोवळ्याओवळ्याचे कडक पालन करीत त्या पतीकडे परतल्या आणि पुढे १९०० साली, आपल्या विचाराने, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. संतचरित्रे लिहिताना पाचारण झालेल्या माणसाच्या घरच्यांचे काय झाले, हे आपण बहुधा गाळतो. टिळकांच्या बाबतीत ते गाळता येत नाही, कारण लक्ष्मीबाईंनी ते ‘स्मृतिचित्रे’मध्ये, हसत हसत, लिहून ठेवले आहे.

अहमदनगरची सेमिनरी अमेरिकन मराठी मिशनची होती. हे मिशन लूथरन नव्हे, काँग्रिगेशनल पंथाचे. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांनी १८७८ साली तिची उभारणी केली. येथे टिळक शिकवू लागले. खेड्यांतून आलेल्या तरुणांना मराठीतून धर्मशिक्षण द्यायचे होते. नगरात ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा टिळकांच्या आधीपासून होती. टिळकांनी तिला, आणि भजनाला, उत्तम काव्याची जोड दिली. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणानंतर मराठी मातीत ख्रिस्तकथा रुजवण्याचा एवढा समर्थ प्रयत्न दुसरा झाला नाही, असे मला वाटते. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले.

परंतु एक गोष्ट त्यांना सतत खुपत राहिली. सेमिनरीतून बाहेर पडणारा तरुण मिशनच्या वेतनावर प्रचारक होई. गावकऱ्यांच्या दृष्टीने तो परक्यांचा पगारी माणूस ठरे. त्याने येशूविषयी कितीही कळकळीने सांगितले तरी पोटासाठी बोलतो, असेच लोक समजत. साधू आणि संन्यासी यांना ओळखणाऱ्या या भूमीत देवाचा निरोप पगारी कसा असेल? हा दोष तरुणांचा नव्हता. त्यांनाही संसार होते. दुष्काळ आणि प्लेग यांनी गांजलेल्या त्या काळात नियमित वेतन ही लहान गोष्ट नव्हती.

सप्टेंबर १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. कुटुंबाचा त्याग न करता ते ख्रिस्ती संन्यासी झाले आणि साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे सारे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, अशी योजना होती. येथे कॅथलिक वाचक थबकेल, आणि थबकावेच. बाप्तिस्म्याला ऐच्छिक मानणारी संगत म्हणजे ख्रिस्तसभा नव्हे. तथापि त्यामागची तळमळ आपल्याला अपरिचित नाही. टिळकांच्याच वर्षी जन्मलेले बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय कॅथलिक होते. त्यांनी भगवी वस्त्रे धारण करून जबलपूरला ख्रिस्ती मठाचा घाट घातला होता. वरिष्ठांची संमती न मिळाल्याने तो टिकला नाही. दोघांना एकच हवे होते : देवाचे बोलावणे लोकांना ओळखू येईल अशा रूपात जगणे.

दरबाराला फार अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ आरंभीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. त्यांना शाळा लाभली नव्हती, सेमिनरी तर दूरच. ईशज्ञान त्या स्वयंपाकघरात, अनाथ मुलांच्या गराड्यात आणि टिळकांशी भांडता भांडता शिकल्या होत्या. उरलेल्यांपैकी जवळजवळ सारे अध्याय, आणि ते संख्येने टिळकांच्या अध्यायांहून कितीतरी अधिक आहेत, त्यांनी रचले.