युद्धकाळाच्या भावावर उभारलेला डोलारा

सुरतेत १८३१ मध्ये जन्मलेले प्रेमचंद रायचंद हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या शेअर बाजारातील सर्वांत प्रभावी दलाल होते. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाचे भाव गगनाला भिडले. मुंबईत आलेल्या या पैशाचा मोठा ओघ नव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन मिळवू पाहणाऱ्या कंपन्यांकडे वळला. प्रेमचंद यांच्या प्रभावाखालील बँक ऑफ बॉम्बे समभागांच्या तारणावर कर्जे देत होती. त्या कर्जांतून पुन्हा समभागच घेतले जात. युद्धापुरती टंचाई कायमची मागणी मानली गेली, हीच मूळ चूक होती.

युद्ध १८६५ मध्ये संपताच कापूस उतरला, कंपन्या बुडाल्या आणि १८६८ मध्ये बँकही गुंडाळावी लागली. प्रेमचंद यांची संपत्ती गेली, मात्र त्यांनी व्यवसाय सोडला नाही. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. तेजीच्या काळात त्यांनी दिलेल्या देणगीतून त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. मुंबई विद्यापीठाच्या आवारात तो आजही उभा आहे.