बादलीतला समुद्र

गिरगावात राहणाऱ्या माणसाने समुद्राचे पाणी घरी तयार करावे, हे ऐकून कुणालाही हसू येईल. आमच्या वाडीतून चौपाटी चालत दहा मिनिटांवर. पण खाऱ्या पाण्यातले मासे पाळणारी मंडळी तिथे बादली घेऊन जात नाहीत. पावसाळ्यात गोड्या पाण्याने तिथला खारटपणा उतरतो, शहराची घाण त्यात मिसळते आणि विसर्जनानंतरची स्थिती तर विचारूच नका. ही मंडळी बाजारातून मीठ आणतात आणि बादलीत समुद्र कालवतात. हा उद्योग सामान्यांच्या आवाक्यात आणणाऱ्यांत अग्रभागी असलेला माणूस समुद्रापासून दूर, लंडनमध्ये राहत होता. फिलिप हेन्री गॉस त्याचे नाव.

गॉसचा जन्म १८१० चा. घरची गरिबी, त्यामुळे कोवळ्या वयात न्यूफाउंडलंडला एका पेढीवर कारकुनी. पुढे कॅनडात शेती केली, अमेरिकेत मास्तरकी केली, जमैकात पक्षी धुंडाळले. यातून पैसा फारसा आला नाही, निरीक्षणाची सवय मात्र पक्की झाली. १८५२ मध्ये प्रकृती बिघडली म्हणून तो डेव्हनच्या किनाऱ्यावर जाऊन राहिला आणि ओहोटीत उघड्या पडणाऱ्या डबक्यांतल्या समुद्रफुलांच्या प्रेमात पडला. ती घरी आणून जगवायची कशी, हा ध्यास त्याने तिथेच घेतला.

समुद्रातले जीव लंडनमध्ये त्याच्याआधीही नेले गेले होते. १८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी टॉर्कीहून प्रवाळ आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसे. माझ्या मते घरगुती मत्स्यालयाचे निम्मे श्रेय त्या मोलकरणीचे! पण मोलकरीण ठेवणे आणि किनाऱ्यावरून पिंपे मागवणे हे श्रीमंतांचे काम. मध्यमवर्गाने काय करायचे?

गॉसचे मोठेपण इथे दिसते. श्वाइट्झर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ब्रायटनजवळच्या समुद्राच्या पाण्याचे पृथक्करण केले होते. तो तक्ता गॉसने समोर ठेवला आणि अगदी थोड्या प्रमाणात असणारी द्रव्ये सरळ गाळून टाकली. उरले चारच क्षार. आपल्या मापात सांगायचे तर सुमारे साडेचार लिटर पाण्याला साधे मीठ १०० ग्रॅम, एप्सम सॉल्ट ७ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड १३ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड अडीच ग्रॅम. एप्सम सॉल्ट म्हणजे जुन्या लोकांचे जुलाबाचे विलायती मीठ. गॅलनभर समुद्राला काही पेन्स पुरले. एप्रिल १८५४ मध्ये त्याने हे पाणी केले, गाळले, त्यात हिरवे शेवाळ सोडले, पेटी उजेडात ठेवली आणि लगेच प्राणी न सोडता काही दिवस थांबला. उजेडात शेवाळ प्राणवायू सोडते, म्हणजे त्या मोलकरणीचे काम आता शेवाळ करू लागले. प्राणी जगले.

त्याच वर्षी त्याचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आले. पुढे १९५१ मध्ये आपल्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले. त्याच्या इंग्रजी नावातला शब्द गॉसने रूढ केलेला. काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता. घरोघरी काचपेट्या आल्या.

आज गॉसची कृती जशीच्या तशी वापरू नये, हे सांगायला हवे. त्यात चुना नाही, त्यामुळे सांगाडा बांधणारे प्रवाळ जगणार नाहीत. जेवणातल्या मिठात आयोडीन आणि गोळा होऊ नये म्हणून घातलेली द्रव्येही असतात. समुद्री मत्स्यालयाचे तयार मीठ घ्यावे आणि काटकसर पेटीच्या आकारात करावी. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ, क्लोरीन काढलेले पाणी, एक दिवस पंपाने ढवळणे आणि हायड्रोमीटरवर १.०२५ च्या आसपास आकडा. पुढचा खर्च वाचतो तो काचेवर ओढलेल्या एका रेघेने. पाणी उडून जाते, मीठ उडत नाही. म्हणून पातळी रेघेखाली उतरली की भर गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. दर वेळी खारे पाणी ओतणारा पैसेही घालवतो आणि मासेही.

गॉसच्या वाट्याला मात्र सुख थोडे आले. १८५७ च्या फेब्रुवारीत पत्नी एमिली कर्करोगाने गेली. त्याच वर्षी बायबलची सृष्टिकथा आणि भूगर्भशास्त्र यांचा मेळ घालणारे त्याचे पुस्तक निघाले. त्याच्यासारखा श्रद्धाळू माणूस ते जीव ओतून लिहिणार हे उघड आहे, पण ते दोन्ही बाजूंना रुचले नाही. तो लहान एडमंडला घेऊन डेव्हनला कायमचा राहायला गेला. तिथे आणखी एक घाव बसला. त्याची पुस्तके वाचून हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर येत आणि हातोड्या-टोपल्यांनी खडक ओरबाडून नेत. पाणी स्वस्तात घरी करता येऊ लागले, पण जीव घरी करता येत नव्हते! ज्या डबक्यांपुढे गॉस भक्तिभावाने वाकला होता, ती बघता बघता उजाड झाली. आपल्याकडे आता प्रवाळांना कायद्याचे संरक्षण आहे. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ २०२० मध्ये सागरी रस्त्याच्या कामासाठी उचलून दुसरीकडे नेऊन लावले गेले. त्या काळच्या डेव्हनला असे कवच नव्हते.

म्हातारपणी गॉस सूक्ष्मदर्शकाखाली चक्रधर जीव पाहत बसे. त्यांच्यावर हडसनबरोबर केलेला ग्रंथ १८८६ मध्ये निघाला आणि १८८८ मध्ये तो वारला. उजाड किनाऱ्यांची जबाबदारी वडिलांच्या पुस्तकांवर येते आणि त्याचे त्यांना फार दुःख झाले, हे एडमंडने १९०७ मध्ये 'फादर अँड सन' या पुस्तकात लिहून ठेवले.