ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं, ज्यांनीं प्रभूचें चरित्र मराठी ओवींत गुंफिलें त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचें आम्ही कृतज्ञतेनें स्मरण करितों.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांत झाला. तेथें कॅथॉलिक धर्म पाळणें संकटाचें झालें होतें. १५७५ सालीं रोम येथें ते येशूसंघांत शिरले व १५७९ सालीं गोव्यास आले. पुढील आयुष्य बहुतेक साष्टी प्रांतांतच गेलें.

तेथील नवख्रिस्ती जनांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं, पण त्यांचे जागीं गावयास कांहीं मिळालें नव्हतें. एका ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थानें ही उणीव बोलून दाखविल्याचा प्रसंग ग्रंथारंभींच आहे. ती तक्रार फादरांनीं मनावर घेतली, यांतच त्यांची थोरवी आम्हांस दिसते. परदेशीं जन्मलेल्या या पुरुषानें सुमारें ११,००० ओव्या रचिल्या! १६१६ सालीं ग्रंथ राचोल येथें छापला. मराठी खिळे पाडण्याची त्यांची इच्छा मात्र अपुरी राहिली, अक्षरें रोमनच राहिलीं. १६१९ सालीं ते प्रभुचरणीं विसावले.

१६८४ सालीं, तीन वर्षांत देशभाषा सोडावी असा पोर्तुगीज सरकारचा हुकूम निघाला. ग्रंथाच्या त्या काळच्या तीन छापांपैकीं एकही प्रत आज आढळत नाहीं. तो वांचला हस्तलिखितांत, आणि मंगळूरकडील ख्रिस्ती घरांत, जेथें उपवासकाळांत ओव्या गाइल्या जात. १९०७ सालीं जोसेफ सालढाणा यांनीं मंगळुरास तो छापविला, तोही रोमन लिपींत. देवनागरींत तो पुण्यास निघाला १९५६ सालीं, म्हणजे पहिल्या छापानंतर ३४० वर्षांनीं.