भास्कराचार्य आणि थोरली करणी

वरच्या वर्गांत बीजगणिताच्या तासाला एक प्रसंग जवळजवळ दर वर्षीं घडतो. कोणत्याहि दोन धन संख्यांची बेरीज ही त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या दुपटीहून कधींहि लहान नसते, हें सिद्ध करा, असें मी फळ्यावर लिहितों आणि उदाहरणादाखल २ व ८ ही जोडी देतों. निम्मा वर्ग लगेच हिशेब करतो : बेरीज १०, गुणाकार १६, त्याचें मूळ ४, दुप्पट ८; दहा हे आठांहून मोठे. मग कोणी ३ आणि २७ घेतो. तेथें तीस आणि अठरा येतात. एवढें झालें कीं वह्या मिटतात. हजार जोड्या तपासल्या तरी हजार एकावी शिल्लकच राहते, हें त्या उत्साही गणित्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

या दोन जोड्या माझ्या मनच्या नव्हत. आठशेंहून अधिक वर्षांपूर्वीं आपल्याच सह्याद्रीच्या परिसरांतील एका पुरुषानें आपल्या शिष्यांस ह्याच जोड्या घालून दिल्या होत्या. त्या पुरुषाचें नांव भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ या वर्षीं झाला. गोत्र शांडिल्य, पित्याचें नांव महेश्वर. सह्याद्रीजवळील विज्जडविड हें आपलें गांव, असें ते स्वतःच सांगतात. हें गांव म्हणजे हल्लींचें बीड, असें कोणी म्हणतात. कोणी तें चाळीसगांवानजीकच्या पाटणाच्या आसपास शोधितात. घराणें पिढीजात विद्वानांचें होतें आणि त्यांचे पहिले गुरु त्यांचे वडीलच होत. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि हा ग्रंथ पुरा केला. लीलावती, बीजगणित, गणिताध्याय आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पुढें इ. स. ११८३ त, सत्तरीच्या उंबरठ्यावर असतांना, त्यांनीं पंचांगाच्या गणितास उपयोगी असा करणकुतूहल नांवाचा ग्रंथ लिहिला.

लीलावती ही त्यांची कन्या, तिच्या विवाहाच्या मुहूर्ताचें घटिकापात्र, आणि त्यांत पडलेला मोतीं, ही कथा बहुतेकांनीं ऐकली असेल. ती भास्कराचार्यांच्या ग्रंथांत कोठेंहि नाहीं. अकबराच्या दरबारांतील फैजी यानें इ. स. १५८७ मध्यें लीलावतीचें फारसी भाषांतर केलें, त्यांत ती आढळते. कथा गोड आहे, पण मी ती इतिहास म्हणून वर्गांत सांगत नाहीं. ज्या मनुष्यानें जन्मभर पुराव्याचा आग्रह धरिला त्याच्या चरित्रांत तरी पुराव्यावांचूनची गोष्ट शिरूं देऊं नये.

हा आग्रह किती कडक होता पाहा. लल्ल या पूर्वीच्या मान्यवर ज्योतिष्यानें गोलाच्या पृष्ठाचें क्षेत्रफळ काढण्याचा एक नियम दिला होता. भास्कराचार्यांनीं तो चुकीचा म्हणून सरळ फेटाळिला; गोलाच्या पृष्ठाचे फांकांसारखे भाग कल्पून, प्रत्येकाचें क्षेत्रफळ घेऊन, गोलाचें पृष्ठ हें त्याच्या मधल्या वर्तुळाच्या चौपट असतें, हें त्यांनीं दाखविलें. अशा उपपत्तीस ते वासना म्हणत, आणि सिद्धान्तशिरोमणीवरील स्वतःच्याच टीकेस त्यांनीं वासनाभाष्य हें नांव दिलें. वडीलधाऱ्यांविषयीं आदर असावा, परंतु गोलाचें क्षेत्रफळ आदरानें बदलत नाहीं.

आतां पुन्हां आपल्या दोन जोड्यांकडे येऊं. ज्या संख्येचें वर्गमूळ घ्यावयाचें परंतु तें नेमकें निघत नाहीं, तिला करणी म्हणतात. दोन करण्यांची बेरीज-वजाबाकी कशी करावी याची रीति बीजगणितांत दिली आहे, ती अशी : दोन्ही संख्यांची बेरीज घ्यावी, तिला महती म्हणावें, त्यांच्या गुणाकाराचें मूळ दुप्पट करावें, त्यास लघु म्हणावें. महती आणि लघु यांची बेरीज केली कीं करण्यांच्या बेरजेचा वर्ग मिळतो, वजाबाकी केली कीं अंतराचा वर्ग मिळतो. २ व ८ घेतल्यास महती १०, लघु ८. बेरीज १८, वजाबाकी २. म्हणजे २ आणि ८ यांचीं वर्गमुळें एकत्र केलीं असतां १८ चें वर्गमूळ येतें, आणि एकांतून दुसरें वजा केलें असतां २ चें. ३ आणि ७ ही तिसरी जोडीहि त्यांनीं दिली आहे. तिचा गुणाकार २१, त्यास पूर्ण मूळ नाहीं, म्हणून त्या करण्या वेगळ्याच ठेवाव्या लागतात.

थोरलीला थोरली आणि धाकटीला धाकटी हीं नांवें दिलीं खरीं, पण धाकटी कधीं थोरलीच्या वर गेली तर? येथेंच मुलांनीं थांबावें असें मला वाटतें. आपल्या चिन्हांत लिहिल्यास :

(√अ − √ब)² = (अ + ब) − २√(अब)

उजवी बाजू म्हणजे महतींतून लघु वजा केलेली राशि, आणि डावी बाजू एक वर्ग आहे. धन राशीचा वर्ग धन, ऋण राशीचाहि वर्ग धन. ऋण राशि ही कोणाचाच वर्ग नसल्यामुळें तिला मूळ नसतें, हें भास्कराचार्यांनीं त्याच ग्रंथांत आधीं सांगून ठेविलें आहे. हीं दोन वचनें शेजारीं ठेविलीं कीं महती लघूहून लहान असूंच शकत नाहीं. दोन्ही संख्या सारख्या असल्या, जसें ३ आणि ३, तर मात्र दोन्ही ६ होतात आणि थोरलें-धाकटें हा भेदच उरत नाहीं. हा असमतेचा नियम त्यांनीं स्वतंत्र सिद्धान्त म्हणून मांडिलेला नाहीं, आणि अभिमानाच्या भरांत तो त्यांच्या नांवावर चढवूंहि नये. साहित्य त्यांचें आहे, जोडणी आपण केली.

या जोडणीचा उपयोग पुष्कळ दूरवर होतो. अ आणि ब धन असतां अ√अ + ब√ब ही राशि अ√ब + ब√अ हिच्याहून लहान नसते, हें उदाहरण घ्या. पहिलींतून दुसरी वजा केली कीं (अ − ब)(√अ − √ब) येतें. आणि अ − ब म्हणजे (√अ + √ब)(√अ − √ब) असल्यामुळें तें (√अ + √ब)(√अ − √ब)² असें होतें. एक अवयव धन, दुसरा वर्ग, काम झालें. ९ आणि ४ घालून पाहावें : ३५ आणि ३०, अंतर ५. घालून पाहणें वाईट नाहीं, तें आधीं करावें. त्यालाच सिद्धता मात्र म्हणूं नये.

भास्कराचार्यांच्या सामर्थ्याचें याहून मोठें उदाहरण चक्रवाल रीतीचें आहे. एका वर्गास ६१ नीं गुणून १ मिळविला असतां पूर्ण वर्ग यावा, असा वर्ग कोणता? लहानांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० या संख्येचा वर्ग. हाच प्रश्न फर्मा यानें इ. स. १६५७ मध्यें युरोपांतील गणितज्ञांस घातला, तेव्हां तो भास्करांच्या ग्रंथांत सुटून पांचशें वर्षें झालीं होतीं.

त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांस यादव राजा जैत्रपाल यानें आपल्या दरबारीं नेलें. नातू चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. या चांगदेवानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं पाटण येथें मठ स्थापिला, आणि इ. स. १२०७ मध्यें निकुंभ वंशांतील सोइदेव यानें त्यास दान दिलें. हें सर्व पाटणच्या देवळांतील शिलालेखांत कोरिलेलें आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणिला. लेख संस्कृत आहे, पण त्याचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठींत आहे. बाजारांत येणाऱ्या मालावरील आकारांतून मठास काय द्यावें, हें त्यांत लिहिलें आहे. कारण तें व्यापाऱ्यांस आणि तेल्यांस समजावयाचें होतें.