जमशेटजी नसरवानजी टाटा

भोर व वेल्हे ह्या डोंगरी मुलुखातील मंडळ्यांस पावसाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. ज्येष्ठ सरला की कड्याकड्यावरून पाणी कोसळू लागते, ओढे फुगतात, वाटा बंद पडतात. आणि चैत्र-वैशाखात डोंगरावरच्या वाडीतील बाया हंडा घेऊन दूरच्या झऱ्याची वाट धरतात. देवबापाने मोकळ्या हाताने दिलेले हे पाणी युगानुयुगे खाली पडून वाहून जात आले. त्याच्या पडण्यात गिरण्या चालविण्याचे व दिवे लावण्याचे सामर्थ्य आहे, हे ओळखून ते कामी लावण्याचा ज्यांनी ध्यास घेतला, त्यांत जमशेटजी टाटा ह्यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजराथेतील नवसारी येथे पारशी धर्मोपाध्यायांच्या घराण्यात झाला. वडील नसरवानजी ह्यांनी कुळाचा धंदा सोडून मुंबईस व्यापार आरंभिला होता. त्यांनी मुलास एल्फिन्स्टन कॉलेजात शिकविले, आणि १८५८ साली शिक्षण संपताच आपल्या पेढीत घेतले.

१८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले व कापसाचे भाव एकाएकी कोसळले. मुंबईच्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. जमशेटजी त्या वेळी विलायतेत होते, आणि त्यांच्या पेढीलाही जबर ठोकर बसली. त्यांनी तोंड लपविले नाही. ते सावकारांपुढे गेले व खरी स्थिती त्यांनी उघड सांगितली. त्या खरेपणाने त्यांची पत राहिली व पेढी पुढे सावरली.

१ जानेवारी १८७७ रोजी नागपूर येथे त्यांची एम्प्रेस गिरणी सुरू झाली. तेथे कामगारांसाठी त्यांनी १८८६ साली निवृत्तीचा फंड व १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू केली. असे करण्यास त्या काळी कोणताही कायदा त्यांस भाग पाडीत नव्हता.

गिरण्या चालत त्या दगडी कोळशावर. मुंबईला कोळसा दूर बंगालहून आणावा लागे. त्याचा खर्च मोठा, आणि धुराने शहराचा श्वास कोंडे. म्हणून पाण्याच्या बळाचा विचार जमशेटजींच्या मनात पुष्कळ वर्षे घोळत होता. पुढे मुंबईतील डेव्हिड गॉस्टलिंग ह्यांनी घाटमाथ्यावरील पावसाची योजना सुचविली, ती त्यांनी उचलून धरली.

ह्या योजनेचे मर्म आपल्या शेतकरी बंधूंस सहज कळेल. रहाटगाडगे बैल फिरवितो आणि चाक पाणी वर आणते. येथे उलट आहे. पाणी वरून पडते आणि चाक फिरविते. लोणावळ्याचा माथा व पायथ्याचे खोपोली ह्यांत सुमारे १७०० फुटांचा उतार आहे. माथ्यावर साठविलेले पाणी लोखंडी नळांतून खाली सोडले की ते अतिवेगाने चाकाच्या पेल्यांवर आदळते. चाकाबरोबर विजेचे यंत्र फिरते, आणि वीज तारांवरून मुंबईस जाते. मात्र पाऊस चार महिन्यांचा आणि दिव्यांची गरज बारा महिन्यांची. म्हणून योसेफाने मिसर देशात सुकाळातील धान्य कोठारांत भरले, त्याप्रमाणे येथे पावसाचे पाणी तलावांत भरून ठेवावे लागते.

हे सर्व पाहण्यास जमशेटजी राहिले नाहीत. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नौहाइम येथे त्यांनी देह ठेवला. दावीद राजाने मंदिरासाठी साहित्य जमविले व ते शलमोनाने बांधले. तसेच येथे झाले. पुत्र दोराबजी ह्यांनी काम हाती घेतले. १९१० साली कंपनी स्थापन झाली, देशी संस्थानिकांनी व व्यापाऱ्यांनी भांडवल दिले, १९११ साली लोणावळ्यास कोनशिला बसली, आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस पोहोचली. पुढे १९२२ साली भिवपुरी व १९२७ साली भिरा येथील वीजगृहे सुरू झाली.

परंतु भिऱ्याच्या चाकांची किंमत कोणी दिली, हे न सांगणे खरेपणाचे होणार नाही. त्यासाठी वेल्ह्याला लागून असलेल्या मुळशी खोऱ्यात धरण बांधले गेले आणि सुमारे ५० गावांची भूमी पाण्याखाली जाणार हे ठरले. १९२१ साली पांडुरंग महादेव बापट ह्यांच्या पुढारीपणाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. बापट तुरुंगात गेले. सेनापती हे नाव त्यांस ह्याच लढ्यात मिळाले. धरण मात्र झालेच. जमशेटजी तेव्हा हयात नव्हते. तरी त्यांच्या नावाच्या कार्याला हा डाग लागला. वाडवडिलांचे वतन राजाला देण्यास नाबोथ का तयार नव्हता, हे मुळशीच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागले नाही. शहरास उजेड मिळाला, आणि ज्याचे शेत बुडाले त्याच्या घरी अंधार राहिला, तर देवाच्या देणगीचा कारभार न्यायाने झाला असे म्हणता येत नाही.

पाण्याचे बळ पुढे आपल्या तालुक्यांतही कामी आले. भाटघरच्या धरणाच्या पायथ्याशी १९७७ साली १६ मेगावॉटचे वीजगृह सुरू झाले. पानशेत व वरसगाव येथेही वीजगृहे झाली. भाटघरचे पाणी चाक फिरवून नीरेला मिळते व कालव्यांनी शेतांस जाते. एकच पाणी दोन कामे करते. परंतु ह्याही धरणांखाली गावे गेली, हे येथील वडील माणसांस ठाऊक आहे.

जमशेटजी आपल्या विश्वासाचे नव्हते. तरी खरेपणा, कामगारांची काळजी आणि ज्याचे फळ आपण पाहणार नाही त्यासाठी झटणे, हे गुण त्यांच्यापासून घेण्याजोगे आहेत. लहान वाडीत वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या उपदेशक बंधूंनी धीर सोडू नये; कापणी दुसऱ्याच्या हाती असली तरी पेरणी व्यर्थ नसते. आणि ज्या मंडळीस उजेड मिळाला आहे, तिने तो कोणाच्या त्यागाने मिळाला हे विसरू नये. आपल्या गावात धरणग्रस्तांचे कुटुंब येऊन राहिले असेल, तर त्यास परके न मानता पंगतीत व प्रार्थनेत जवळ घ्यावे.